संशोधन-नीतिमत्तेचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : संमतीपत्रापर्यंत उत्तम, त्यानंतर अपुरा

आरोग्य-संशोधनात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठराविक काळाने संशोधन-नीतिमत्तेचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते. प्रमाणपत्राची मुदत संपली की नव्या अभ्यासाच्या कागदपत्रांत नाव घालता येत नाही, म्हणून बहुतेक जण हे प्रशिक्षण एका बैठकीत उरकून टाकतात. या वेळी मात्र नऊ पाठांचा हा अभ्यासक्रम मी तीन आठवडे लावून, वही घेऊन, प्रत्येक चित्रफीत शेवटपर्यंत पाहून पूर्ण केला. त्याचे नाव मी देत नाही, कारण यात मला आढळलेल्या बहुतेक उणिवा पूर्वी घेतलेल्या दोन प्रशिक्षणांतही होत्या आणि त्या सगळ्या एकाच संस्थेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. असे प्रशिक्षण निवडण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा लेख उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे.

एवढे मन लावून अभ्यासक्रम करण्याला एक कारण घडले होते. मी अनेक वर्षे क्षेत्र-समन्वयक म्हणून काम करते. म्हणजे प्रश्नावली घेऊन घरोघरी जाणाऱ्या सर्वेक्षकांचे काम पाहणे, संमतीपत्रे तपासणे आणि नमुने वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणे. दोन वर्षांपूर्वी ज्या वस्तीत आम्ही रक्ताचे नमुने घेतले होते, तिथे नव्या अभ्यासासाठी पुन्हा गेलो असता एका बाईंनी घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीतून आमचे जुने माहितीपत्रक बाहेर काढले. घडीवर ते विरले होते, पण एका कोपऱ्यात आमच्या सर्वेक्षकाची सही आणि त्यांचा अंगठा अजून स्पष्ट दिसत होता. त्या म्हणाल्या, “ताई, यात लिहिलंय की काही विचारायचं असेल तर या नंबरावर फोन करा. मी दोनदा केला, नंबर बंद आहे. माझ्या रक्तात काय निघालं?” तो प्रकल्पाचा फोन होता आणि प्रकल्प संपल्यावर तो परत जमा झाला होता. नीतिमत्ता समितीची मंजुरी, संमती, साक्षीदार, नोंदी असे सगळे जिथल्या तिथे होते. कागदोपत्री आमच्याकडून काहीही चुकलेले नव्हते. तरीही त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा अभ्यासक्रम मी एकाच कसोटीवर पाहिला : त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला उत्तर देण्याची तयारी तो करून घेतो का?

पहिले दोन पाठ इतिहासाचे आहेत आणि ते चांगले आहेत. युद्धकाळातील नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून 1947 साली न्यूरेंबर्ग संहिता आली, 1964 साली जागतिक वैद्यकीय संघटनेची हेलसिंकी घोषणा आली, 1979 साली अमेरिकेत बेल्मॉन्ट अहवाल आला, माणसांवरील संशोधनाच्या नियमांची ही मालिका सगळीकडे शिकवली जाते. इथे मात्र टस्कीगीच्या अभ्यासाला पूर्ण अर्धा तास दिला आहे आणि तो वाया गेलेला नाही. 1932 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांना, ज्यांपैकी 399 जणांना सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा आजार झालेला होता, ‘खराब रक्ता’वर उपचार करत असल्याचे सांगून निरीक्षणाखाली ठेवले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा मान्य उपचार झाल्यावरही त्यांना तो दिला नाही आणि 1972 मध्ये वृत्तपत्रांतून वाच्यता होईपर्यंत हे चालू राहिले. शवविच्छेदनाला कुटुंबाने होकार दिल्यास अंत्यविधीचा खर्च दिला जात असे, हा तपशील पाठात सविस्तर येतो आणि तो यायलाच हवा. गरिबाच्या मरणाची सोयसुद्धा आमिष म्हणून वापरता येते, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही व्याख्येतून कळत नाही.

याच पाठात एक वाक्य आहे, ज्यावर मी चित्रफीत थांबवली. इतकी वर्षे ही माणसे अभ्यासात टिकून राहिली, याचे एक मोठे कारण त्यांच्यात मिसळून काम करणारी एक कृष्णवर्णीय परिचारिका होती. तिच्यावर त्यांचा विश्वास होता. अभ्यासक्रम हे एका ओळीत सांगून पुढे जातो. माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. संशोधक लोकांचा विश्वास स्वतः कमावत नाही. तो बहुधा त्या समाजातल्या कुणाकडून तरी उसना घेतो, आणि उसने घेतलेल्या गोष्टीचा हिशेब कुणाकडे मागायचा, हे कोणत्याच अर्जात लिहिलेले नसते. यावर पुढे पुन्हा येते.

तिसरा आणि चौथा पाठ संमतीचा. हे या अभ्यासक्रमाचे सर्वांत भक्कम दोन पाठ आहेत आणि केवळ त्यांच्यासाठीसुद्धा मी तो नव्या सर्वेक्षकांना सुचवेन. एका चित्रफितीत सर्वेक्षक माहितीपत्रक वाचून दाखवतो आणि मग “समजलं का?” असे विचारतो, समोरचा मान डोलावतो. दुसऱ्या चित्रफितीत तोच सर्वेक्षक म्हणतो, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आम्ही काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल का?” आणि मग कळते की समोरचा माणूस हे सगळे उपचारच समजत होता. संशोधनाला उपचार समजण्याच्या या गैरसमजाचा अभ्यास 1980 च्या दशकापासून झालेला आहे. अनुभवी सर्वेक्षकाला तो नावाने माहीत नसला तरी चेहऱ्यावरून ओळखता येतो. दोन्ही चित्रफिती एकापाठोपाठ दाखवण्याची योजना उत्तम आहे. संमती मागे घेण्याचा हक्क, साक्षीदाराची भूमिका, वस्तीच्या प्रमुखाने किंवा घरातल्या कर्त्या माणसाने होकार दिला म्हणजे इतरांचा होकार गृहीत धरता येत नाही, हेही मुद्दे नेमके मांडले आहेत.

प्रत्येक पाठाच्या शेवटी येणारी चाचणी मात्र फार कच्ची आहे. चार पर्यायांपैकी तीन इतके उघड चुकीचे असतात की पाठ न पाहताही माणूस उत्तीर्ण होईल. नीतिमत्तेचे खरे प्रश्न दोन्ही बाजूंनी बरोबर वाटणाऱ्या उत्तरांचे असतात आणि तशी प्रश्नरचना करणे अवघड असले तरी अशक्य नाही.

पाचवा पाठ ‘समुदाय’ या शीर्षकाचा आहे आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याशीच आहे. तो बारा मिनिटांत संपतो. त्यात हवासुपाई लोकांचे उदाहरण येते, पण चुकीच्या जागी बसवलेले. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या खोल दरीच्या तळाशी राहणाऱ्या या छोट्या मूलनिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार वाढले होते. त्याचे कारण सापडेल या आशेने 1990 पासूनच्या काही वर्षांत 200 हून अधिक जणांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, रक्ताच्या नात्यातील संबंध आणि त्या लोकांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांचा अभ्यास झाला, आणि हे 2003 मध्ये त्यांच्यातल्याच एका स्त्रीला विद्यापीठातील एका व्याख्यानाच्या वेळी कळले. खटले झाले, 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना मिळून सात लाख डॉलर देऊ केले आणि उरलेले नमुने परत केले. अभ्यासक्रमाचा निष्कर्ष असा की संमतीपत्रातली भाषा मोघम होती, ती नेमकी असायला हवी होती.

हा निष्कर्ष खोटा नाही, पण तो विषयाच्या काठावरूनच परत फिरतो. पूर्वज कुठून आले हा निष्कर्ष छापला गेला, तेव्हा तो ज्यांनी रक्त दिले त्यांच्यापुरता राहिला नाही. ‘आम्ही याच भूमीत निर्माण झालो’ असे मानणाऱ्या सबंध समाजाच्या श्रद्धेला त्याने हात घातला. ज्यांनी कधी कुठल्या कागदावर सही केली नव्हती, जे त्या वेळी लहान मुले होती, त्यांच्याबद्दलही ते विधान झाले. अशी हानी कितीही नेमक्या वैयक्तिक संमतीने टळत नाही, कारण एक माणूस स्वतःच्या रक्ताबद्दल हो म्हणू शकतो, सगळ्यांच्या नावाबद्दल नाही. व्यक्तीची संमती ही आवश्यक अट आहे आणि समाजाशी बोलणे ही तिच्याशेजारची, वेगळी अट आहे. एकीने दुसरीची जागा भरत नाही. हे वाक्य पाचव्या पाठात कुठेही नाही.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील सान या मूलनिवासी लोकांचे उदाहरण घेतले असते, तर ही उणीव सहज भरून निघाली असती. 2010 मध्ये सान समाजातील चार जणांच्या जनुकसंचाची माहिती प्रसिद्ध झाली. त्या चौघांची वैयक्तिक संमती घेतलेली होती, पण समाजाच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत झालेली नव्हती, आणि लेखातील काही मजकूर अवमानकारक व खासगी स्वरूपाचा असल्याचा आक्षेप त्या प्रतिनिधींनी घेतला. त्यातून आणि त्याआधीच्या अनेक अनुभवांतून 2017 मध्ये सान लोकांनी स्वतःची संशोधन-नीतिसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि प्रक्रिया अशी तिची पाच सूत्रे आहेत. प्रामाणिकपणाच्या सूत्राखाली त्यांनी मागितले आहे ते असे की संशोधकांनी आपला हेतू सोप्या भाषेत, तांत्रिक शब्दांच्या आड न लपता सांगावा. ज्यांच्यावर आजवर संशोधन झाले, त्यांनी लिहिलेला हा दस्तऐवज आहे आणि तो एखाद्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकापेक्षाही वाचायला सोपा आहे. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समाजांनी तर 1998 पासूनच आपल्या माहितीची मालकी, तिच्यावरचे नियंत्रण, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क आणि तिचा ताबा अशी चार तत्त्वे मांडली आहेत. नऊ पाठांत अशा एकाही समाजाचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये, ही माझ्या दृष्टीने गंभीर त्रुटी आहे.

सहावा पाठ औषधचाचण्यांचा आहे. एचआयव्ही आईकडून बाळाला होण्याचा धोका झिडोव्हुडिन या औषधाने सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो, हे 1994 मध्ये सिद्ध झाल्यानंतरही गरीब देशांतील काही चाचण्यांत एका गटाला निव्वळ नकली गोळ्या दिल्या गेल्या आणि 1997 मध्ये त्यावरून जगभर वाद पेटला, हे प्रकरण त्यात आहे. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. माझे काम औषधचाचण्यांचे नसल्याने या पाठावर मी अधिक बोलत नाही.

सातव्या पाठात एक प्रश्न येतो आणि तिथे अभ्यासक्रम पुन्हा जिवंत होतो : अभ्यास ज्या आजाराचा नाही, असा आजार समोर दिसला तर संशोधकाने काय करावे? हा प्रसंग आमच्याकडे वारंवार येतो. पोषणाच्या अभ्यासात रक्तदाब हा प्रश्नावलीतला केवळ एक रकाना असतो. सर्वेक्षक दंडाला पट्टा बांधते, यंत्र फुगते, आकडा येतो 200 आणि 118. ती पुन्हा मोजते, आकडा तोच. तिच्या टॅबवर पुढचा प्रश्न आलेला असतो : “गेल्या सात दिवसांत आपण किती वेळा फळे खाल्ली?” त्या क्षणी ती नोंद करणारी व्यक्ती असते की त्या घरात आलेली एकमेव आरोग्याची माहिती असलेली व्यक्ती? पाठाचे उत्तर स्पष्ट आहे की उपचाराची सोय अभ्यासाच्या आराखड्यातच आधी ठरलेली असली पाहिजे : कोणत्या आकड्यानंतर मुलाखत थांबवायची, चिठ्ठी कुणाच्या नावे द्यायची, तिथे त्या दिवशी कुणी असेल का आणि तो माणूस तिथे पोहोचला की नाही हे कोण पाहणार. आंतरराष्ट्रीय वैद्यकशास्त्र संघटना परिषदेच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सहभागींच्या आरोग्यविषयक गरजांची काळजी हा स्वतंत्र मुद्दा आहे. नुसती चिठ्ठी देणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे, असे पाठात ठाम शब्दांत म्हटले आहे. ते ऐकून मला बरे वाटले, कारण आजवर जिथे जिथे मी हे बोलले, तिथे “हे आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही” हेच उत्तर मिळाले.

आठवा पाठ गुप्ततेचा. नाव आणि पत्ता काढून टाकला म्हणजे माणूस अनोळखी होतो, हा समज तो चांगल्या रीतीने खोडून काढतो. साठ घरांच्या वस्तीत ‘वय 43, विधवा, शिवणकाम करणारी’ एवढे लिहिले तरी पुरे असते. नाव लिहायची गरजच उरत नाही. त्यापुढे जाऊन वस्तीचेच नाव छापले आणि तिथे एखाद्या लाज आणणाऱ्या आजाराचे प्रमाण जास्त असल्याचे लिहिले, तर तिथल्या प्रत्येक लग्नाच्या मुलामुलीवर त्याची सावली पडते, हा मुद्दाही यायला हवा होता. त्याला पाठात एक वाक्यही मिळालेले नाही.

आणि नववा पाठ ‘निष्कर्षांचा प्रसार’. त्यातल्या अठरा दृश्यपट्ट्यांपैकी शोधनिबंधाचे लेखकत्व, नियतकालिकाची निवड, हितसंबंध जाहीर करणे आणि माध्यमांशी बोलणे यांना सतरा पट्ट्या आहेत. “शक्य असल्यास निष्कर्ष समुदायापर्यंत पोहोचवावेत” ही एक. हे ‘शक्य असल्यास’ मला फार खटकले. संमतीपत्राबाबत कुणी ‘शक्य असल्यास’ लिहीत नाही. हेलसिंकी घोषणेच्या 2024 च्या सुधारित आवृत्तीत संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर सहभागींशी व त्यांच्या समुदायांशी अर्थपूर्ण संवाद असावा, असे आता स्पष्ट लिहिले आहे. ‘नंतर’ हा शब्द तिथे आहे. तो प्रत्यक्षात आणायचा असेल तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात शेवटच्या भेटीचा खर्च, प्रवास, वाचून दाखवण्याची वेळ आणि प्रकल्प संपल्यानंतर निदान वर्षभर चालू राहणारा फोन हे सगळे सुरुवातीलाच लिहावे लागते. हे कसे लिहायचे, हे शिकवायला दहा मिनिटे पुरली असती.

शेवटच्या भेटीत काय सांगायचे, हेही शिकवण्यासारखे आहे. सरासरी आणि टक्केवारी ऐकून लोक गप्प बसतात. “तुमच्या वस्तीतल्या दर दहा बायांपैकी सहा जणींच्या रक्तात लोह कमी आहे, ते का असावं असं आम्हाला वाटतं आणि ते भरून काढायला इथे काय काय मिळू शकतं” असे म्हटले की प्रश्न सुरू होतात, आणि त्यांतले निम्मे प्रश्न संशोधकाला सुचलेले नसतात. ज्या अभ्यासातून काहीच ठोस निघाले नाही, त्याचेही तसे सांगणे लोकांचे देणे लागतो. काही निघाले नाही हे ऐकून रागावलेली माणसे मी पाहिलेली नाहीत. कुणी फिरकलेच नाही म्हणून रागावलेली पुष्कळ पाहिली आहेत.

आता त्या उसन्या विश्वासाबद्दल. आमच्या कामात दारे उघडतात ती स्थानिक सर्वेक्षक मुलींमुळे. प्रमुख संशोधक दूर राहतात, मी पुढच्या प्रकल्पाला जाते. ती मुलगी मात्र तिथेच राहते. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नात तिला विचारले जाते, “तुझ्या त्या डॉक्टरांनी रक्त नेलं, पुढे काय?” निबंधावर तिचे नाव नसते, अहवाल तिला पाठवला जात नाही आणि उत्तर मात्र तिने द्यायचे असते. संशोधकांची समाजाप्रति असलेली बांधिलकी अशा रीतीने सर्वांत कमी मानधन असलेल्या माणसाच्या अंगावर सरकवली जाते, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात या मुलींचा उल्लेख ‘प्रशिक्षित माहिती-संकलक’ असा फक्त दोनदा येतो, दोन्ही वेळा माहितीच्या गुणवत्तेच्या संदर्भात. तिच्या हाती निष्कर्ष आधी द्यावेत, काय सांगायचे ते तिच्याशी ठरवावे, लोकांच्या रागाला तिला एकटीने सामोरे जावे लागू नये, एवढे तरी पाठात हवे होते.

मराठी अनुवादाबद्दल लिहिले पाहिजे. उपशीर्षके वाचनीय आहेत, पण अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसासाठी सगळीकडे इंग्रजी ‘सब्जेक्ट’चे शब्दशः भाषांतर म्हणून ‘विषय’ हा शब्द वापरला आहे : “विषयाची संमती घ्यावी”, “विषयाला दुखापत झाल्यास”. हेलसिंकी घोषणेनेसुद्धा 2024 मध्ये जुना शब्द टाकून ‘सहभागी’ हा शब्द स्वीकारला आहे. ज्या मुली हा अभ्यासक्रम मराठीतून करतील, त्या उद्या दारात उभ्या राहून याच शब्दांत विचार करतील, म्हणून ही दुरुस्ती किरकोळ समजू नये. मी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेला हे लेखी कळवले आहे. शब्द बदलण्याचे त्यांनी मान्य केले, पाचव्या आणि नवव्या पाठाबद्दल उत्तर अजून आलेले नाही.

तरीही हा अभ्यासक्रम घ्यावा का? घ्यावा, पण एकट्याने पडद्यासमोर बसून नव्हे. तिसरा, चौथा, सातवा आणि आठवा पाठ सगळ्या चमूने एका खोलीत बसून पाहावा, प्रत्येक चित्रफितीनंतर थांबून आपापले प्रसंग बोलावेत आणि स्थानिक सर्वेक्षकांना आधी बोलू द्यावे. पाचव्या पाठाऐवजी सान लोकांची संहिता मोठ्याने वाचावी. तिला पाऊण तास पुरतो. नवव्या पाठाच्या वेळी चालू प्रकल्पाचे अंदाजपत्रक समोर ठेवावे आणि शेवटच्या भेटीसाठी त्यात कोणती ओळ आहे, ते शोधावे. आमच्या अंदाजपत्रकात अशी ओळ नव्हती. ती आता घातली आहे, तीनशे घरांसाठी चार दिवस आणि एक फोन क्रमांक. जुन्या अभ्यासाचे निष्कर्षही प्रयोगशाळेकडून मागवले आहेत आणि त्या बाईंचा अहवाल येत्या मंगळवारी मी स्वतः घेऊन जाणार आहे.